रस्ता खरा, तर वेळ खरी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी १४ एप्रिलच्या निमित्ताने दहा किलोमीटरची दौड ठेवली होती. आयोजक दुसरे कोणी नव्हते, आम्हीच होतो. वर्गणी गोळा केली, ढाल आणली, सरबताची सोय केली. राहिला तो रस्ता मोजायचा. आमच्यापैकी एकाने मोटारसायकलला किक मारली, मीटरकडे बघत बघत पाच किलोमीटर गेला, तिथे रस्त्याच्या कडेला चुन्याने रेघ मारली आणि परत आला. जाऊन येऊन दहा. मोजणी झाली! सारे मिळून पंधरा मिनिटेही लागली नाहीत.

त्या दौडीत मुलींमध्ये पहिली आली ती आमच्याच वस्तीतली एक मुलगी. वडील गवंडी, आई द्राक्षबागेत रोजंदारीवर. पायात साधे कॅनव्हासचे बूट. घड्याळात वेळ पडली ३८ मिनिटे १० सेकंद. आम्ही ती वेळ कागदावर लिहिली, खाली शिक्का मारला आणि सत्काराच्या भाषणात सांगितले की, ही पोर वस्तीचे नाव काढणार.

तो कागद घेऊन बापलेक दोन महिन्यांनी शहरातल्या एका मोठ्या शर्यतीला गेले. एस.टी.चे भाडे, प्रवेश फी, एक रात्र नातलगाकडे. त्या शर्यतीत तिला लागली ४१ मिनिटे २० सेकंद. तीन मिनिटांहून जास्त फरक! पहिल्या दहांतही ती आली नाही. घरी येऊन पोर दोन दिवस जेवली नाही. तिला वाटले, आपल्यातच काही कमी पडले. बाप मात्र आमच्याकडे आला. ओरडला नाही, भांडला नाही. एवढेच म्हणाला, “दादा, पोरीचं पाय खोटं न्हाईत. तुमची वाट खोटी हाय. मी सूत लावल्याबिगर भिंत उभी करत न्हाई, आन् तुम्ही मोटारसायकलीवर रस्ता मोजला व्हय?”

आम्ही गप्प बसलो. बोलायला तोंडच नव्हते.

पुढच्या रविवारी तो आपली ५० मीटरची पोलादी टेप घेऊन आला. चौघे जण पहाटेच रस्त्यावर उतरलो. एक जण शून्याचे टोक धरणार, दुसरा पुढचे टोक ताणणार, तिसरा खडूने खूण करणार आणि चौथा वहीत एकेक टेप मांडणार. उन्हाचा चटका बसू लागेपर्यंत हिशेब हाती आला. सुरुवातीच्या रेघेपासून परत फिरण्याच्या पिंपापर्यंत ९२ टेपा आणि वर ३० मीटर. म्हणजे ४ किलोमीटर ६३० मीटर. दुप्पट केले की ९ किलोमीटर २६० मीटर. दहा किलोमीटर म्हणून आम्ही जो रस्ता पोरांना धावायला दिला, तो ७४० मीटरनी तोकडा होता!

एवढी चूक आली कुठून? मोटारसायकलच्या मीटरने जिथे पाच किलोमीटर दाखवले, तिथे खरे अंतर ४ किलोमीटर ७४० मीटरच होते. आणि शर्यतीच्या सकाळी पिंपाजवळ उभ्या केलेल्या आमच्या कार्यकर्त्याला ऊन लागत होते, म्हणून त्याने पिंप ११० मीटर अलीकडे, चिंचेच्या सावलीत आणून ठेवले होते. जाता ११०, येता ११०. त्याच्या मनात पाप नव्हते. ‘एवढ्याने काय होतंय’ असे त्याला वाटले, आणि पिंप हलवू नये हे त्याला कोणी सांगितलेही नव्हते. ते सांगणे आमचे काम होते.

मग वहीच्या त्याच पानावर आम्ही त्रैराशिक मांडले. ९ किलोमीटर २६० मीटरला ३८ मिनिटे १० सेकंद, तर दहा किलोमीटरला किती? उत्तर आले ४१ मिनिटे १३ सेकंद. शहरात तिला लागली होती ४१ मिनिटे २० सेकंद. फरक फक्त सात सेकंदांचा. पोर जशी गावात धावली, तशीच शहरात धावली होती. तिच्या पायात काही कमी नव्हते. बाप म्हणाला तेच खरे होते.

त्या दिवसापासून आम्ही हा विषय धरून बसलो. रस्ता मोजायचा कसा, मोजणाऱ्याला शिकवायचे कसे, आणि त्या मोजणीला दाखला कोण देतो? वाचकहो, जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

मोजमापाशी आपले नाते

मोजमाप म्हणजे कचेरीतल्या माणसाचे काम, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. सांगलीकर असे म्हणणार नाही. पावसाळ्यात सांगलीच्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, “आयर्विन पुलापाशी किती फूट?” ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असते. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा त्या आकड्यावर हजारो घरांनी आपले बिऱ्हाड हलवले. पुलावरच्या पट्टीत एक फुटाची चूक असती तर? मापावर विश्वास ठेवून माणूस जगत असतो, हे सांगलीला नव्याने सांगावे लागत नाही.

आणि आमच्या वाडवडिलांचे तर रस्त्याशी आणि शिवेशी नातेच होते. गावाची शीव कुठून कुठे जाते हे वतनदार महाराला ठाऊक असे. दोन गावांत शिवेचा तंटा पडला की त्याची साक्ष काढली जाई. सरकारी टपाल घेऊन एका गावाहून दुसऱ्या गावी पायपीट करणे, अधिकाऱ्याच्या घोड्यापुढे धावणे, हीसुद्धा त्याच्याच कपाळी आलेली कामे. त्या धावण्याला ना घड्याळ होते, ना ढाल. १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली, बरे झाले. आज आमची मुले धावतात ती स्वतःसाठी. मग निदान ती धावतात तो रस्ता तरी खरा असावा, एवढेच आमचे म्हणणे.

बेळगावचा धावपटू आणि लांबलेला रस्ता

रस्ता तोकडा असला की वेळ खोटी चांगली दिसते. रस्ता लांबला की चांगल्या धावपटूवर अन्याय होतो. याचे उदाहरण आपल्याच मुलखातले आहे. १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथे ऑलिंपिक भरले. त्यात मॅरेथॉन धावायला बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले गेले होते. त्यांचा १९ वा क्रमांक आला. वेळ लागली २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. त्या काळात, तेवढ्या तुटपुंज्या तयारीवर, परदेशच्या हवेत केलेली ही कामगिरी थोर आहे.

परंतु तो रस्ता होता किती? आज मॅरेथॉन म्हटली की ४२ किलोमीटर १९५ मीटर. हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधले. ते सर्वांसाठी कायम ठरले १९२१ साली, म्हणजे अँटवर्पच्या पुढच्या वर्षी. अँटवर्पचा रस्ता होता ४२ किलोमीटर ७५० मीटर. चौगुले ५५५ मीटर जास्त धावले होते. त्यांच्याच गतीने हिशेब केला तर तेवढ्या अंतराला दोन मिनिटे तेरा सेकंद लागतात. त्यांची वेळ कुणी आजच्या वेळेशेजारी ठेवली, तर ही दोन मिनिटे त्यांच्या पदरात टाकलीच पाहिजेत.

मोठ्या देशांतही चुका झाल्या आहेत. १९८१ साली न्यूयॉर्कच्या मॅरेथॉनमध्ये अल्बर्टो सालाझार याने २ तास ८ मिनिटे १३ सेकंदांत शर्यत जिंकली आणि तो जागतिक विक्रम म्हणून गाजला. पुढे रस्ता पुन्हा मोजला, तेव्हा तो सुमारे दीडशे मीटर तोकडा निघाला. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या मॅरेथॉनचा रस्ता २०१३ ते २०१५ अशी तीन वर्षे ३८० मीटर कमी होता. सुमारे २४ हजार धावपटूंच्या वेळा त्यामुळे फुकट गेल्या. तेव्हा चूक आमच्याच हातून झाली असे नाही. मात्र चूक झाल्यावर ती कबूल करून रस्ता पुन्हा मोजणे, हे त्यांनीही केले, हे लक्षात घेतले पाहिजे.

टेड कॉर्बिट : मापाची शिस्त लावणारा

अमेरिकेत या कामाला शिस्त लावली ती टेड कॉर्बिट या कृष्णवर्णीय धावपटूने. त्याची ओळख आपल्या घराघरांतून व्हायला हवी. त्याचे आजी-आजोबा गुलामीत राबलेले. १९१९ साली दक्षिण कॅरोलिनात त्याचा जन्म झाला, बालपण कापसाच्या शेतात गेले. कॉलेजात असताना गोरे खेळाडू त्याच्याबरोबर धावायला तयार नसत, म्हणून काही स्पर्धांतून त्याला बाहेर ठेवले गेले. तरीही तो धावत राहिला. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये तो अमेरिकेतर्फे मॅरेथॉन धावला. याच हेलसिंकीत आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले होते!

कॉर्बिट पोटासाठी रुग्णांना व्यायामोपचार देण्याचे काम करी. उरलेल्या वेळात तो रस्ते मोजी. त्या काळी अमेरिकेत शर्यतीचे अंतर म्हणजे मोटारीच्या मीटरवरचा अंदाज. एका गावची वेळ दुसऱ्या गावच्या वेळेशी ताडून बघण्याची सोयच नव्हती. इंग्लंडमध्ये जॉन जुएल याने सायकलीने रस्ता मोजण्याची रीत १९६१ साली लिहून ठेवली होती. तिचा आणि इतर रीतींचा अभ्यास करून कॉर्बिटने १९६४ साली रस्ते मोजण्यावर एक पुस्तिका लिहिली. पुढे अमेरिकेत रस्त्याला दाखला देण्याची जी पद्धत उभी राहिली, तिचा पाया हीच पुस्तिका. २००७ साली तो वारला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या धावण्याच्या रस्त्याला २०२१ पासून त्याचे नाव आहे.

ज्याला शर्यतीतून बाहेर ठेवले, त्यानेच सर्वांसाठी माप खरे केले. गोरा असो की काळा, मापापुढे सारे सारखे. यात आपल्यासाठी काय आहे ते वेगळे सांगायला नको.

सायकलीने रस्ता मोजतात तो असा

जगातले सर्व मोठे रस्ते आजही सायकलीनेच मोजतात. मोबाइल नाही, मोटार नाही, मनगटावरचे घड्याळसुद्धा नाही. उपग्रहावर चालणारे घड्याळ उंच इमारतीत आणि घाटात भरकटते, म्हणून दाखल्यासाठी ते चालत नाही.

पहिली पायरी, सायकलीचे माप ठरवणे. त्यासाठी सरळ, सपाट, डांबरी रस्त्याचा निदान ३०० मीटरचा पट्टा निवडतात आणि पोलादी टेपने तो काटेकोर मोजतात. टेप ढिली धरली तर माप चुकते, म्हणून स्प्रिंगचा काटा लावून सुमारे पाच किलोचा ताण देतात. उन्हाचाही हिशेब धरतात. पोलादी टेपचे माप २० अंशांना बरोबर असते. रस्ता ४० अंश तापला की ५० मीटरची टेप साधारण बारा मिलिमीटर लांबते. ऐकायला क्षुल्लक, पण अशा टेपने दहा किलोमीटर मोजले तर फरक दोन मीटरच्या वर जातो.

दुसरी पायरी, आकडे. सायकलीच्या पुढच्या चाकाला एक लहान यंत्र बसवतात. अमेरिकेतल्या अ‍ॅलन जोन्स या गृहस्थाने १९७१ च्या सुमारास ते तयार केले, म्हणून त्याला जोन्स काउंटर म्हणतात. चाकाच्या एका फेऱ्यात त्याचे वीसहून जास्त आकडे पडतात. म्हणजे एक आकडा साधारण चार बोटांच्या वितीहूनही लहान अंतराचा. मोजणारा त्या पट्ट्यावरून चार वेळा सायकल नेतो आणि सरासरी काढतो. समजा, ४०० मीटरच्या पट्ट्यावर सरासरी ४,४०० आकडे पडले. म्हणजे एका किलोमीटरला ११,०००. त्यात हजारास एक असे वाढवायचे, म्हणजे ११,०११. ही वाढ कशासाठी? रस्ता कोणत्याही परिस्थितीत तोकडा पडू नये म्हणून. दुकानदार तराजूचे पारडे जरा खाली झुकू देतो ना, तसेच हे. दहा किलोमीटरला ही वाढ दहा मीटर, मॅरेथॉनला ४२ मीटर.

तिसरी पायरी, प्रत्यक्ष रस्ता. इथेच मोजणाऱ्याची परीक्षा असते. रस्ता मध्यावरून मोजायचा नाही. धावपटू ज्या जवळात जवळच्या वाटेने जाऊ शकेल, त्याच वाटेने सायकल न्यायची. वळण आले की आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून आणि एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत थेट, सरळ रेषेत. असे का, तर शर्यतीत कुणीही धावला तरी त्याचे अंतर ठरल्यापेक्षा कमी भरू नये.

चौथी पायरी, पुन्हा ताळा. मोजणी संपल्यावर त्याच पट्ट्यावर आणखी चार वेळा सायकल न्यायची. ऊन चढले की टायरमधली हवा फुगते, चाकाचा घेर वाढतो आणि आकडे कमी पडतात. टायर बारीक पंक्चर असेल तर उलट होते. सकाळचे आणि नंतरचे आकडे ताडून त्या दिवसाचे माप ठरवतात. आमच्या वस्तीतला सायकल दुरुस्तीवाला हे ऐकून हसला. म्हणाला, “ह्यात शिकायचं काय? हवा उन्हात फुगतीय हे मला रोजचंच हाय.”

शेवटची पायरी, नकाशा. सुरुवात, शेवट आणि वळसा कुठे, हे खांब, पूल, मोरी अशा पक्क्या खुणांपासून मोजून लिहायचे. डांबरात खिळा ठोकायचा. नकाशा असा असावा की, गावात कधी न आलेल्या माणसाने तो हाती घेऊन नेमक्या त्याच जागी रेघ मारावी. चिंचेची सावली नकाशात चालत नाही!

दाखला कोणाचा, शिकवण कोणाची

या कामाला जागतिक पातळीवर रीत आहे. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटना आणि मॅरेथॉन शर्यतींची आंतरराष्ट्रीय संघटना मिळून मोजणाऱ्यांना ‘अ’ आणि ‘ब’ अशा श्रेणी देतात. शिकाऊ माणसाने वर्गात बसून हिशेब शिकायचा, टेपने पट्टा आखायचा, सायकलीचे माप ठरवायचे आणि नेमून दिलेला रस्ता मोजायचा. सर्वांनी एकच रस्ता मोजला की कुणाचा आकडा कुठे ढळला हे तिथल्या तिथे कळते. मग जाणत्याच्या नजरेखाली स्वतः मोजणी करायची आणि तिचा लेखी अहवाल द्यायचा. अहवालात आकडे, तपमान, नकाशा सारे हवे. रस्त्याचा दाखलाही कायमचा नसतो. पाच वर्षांनी रस्ता पुन्हा मोजावा लागतो.

अमेरिकेत तर आणखी एक चांगली प्रथा आहे. तिथे कोणताही साधा स्वयंसेवक रस्ता मोजून कागद पाठवू शकतो. दाखला मिळतो तो रस्त्याला. कागद तपासणारा बघतो ते एवढेच की, आकडे जुळतात का आणि नकाशा स्पष्ट आहे का. मोजणाऱ्याच्या पदव्या कोणी विचारत नाही.

साताऱ्याचा घाट

आपल्याकडे रस्त्यावरच्या शर्यतीचे मोठे नाव म्हणजे साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन. २०१२ साली ती सुरू झाली. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या दिशेने जायचे आणि त्याच वाटेने परत यायचे, असे हे २१ किलोमीटर. २०१५ साली २,६१८ धावपटू धावले आणि डोंगरावरच्या शर्यतीत सर्वाधिक धावपटू म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली.

घाट मोजणे किती नाजूक काम आहे ते पाहा. सहा मीटर रुंदीच्या रस्त्यावर पूर्ण उलटे फिरणारे एक वळण आहे असे धरा. मध्यावरून मोजणारा आणि आतल्या कडेने मोजणारा यांच्यात त्या एका वळणावर साडेआठ मीटरचा फरक पडतो. अशी दहा वळणे असली तर ८५ मीटर! विक्रमासाठी चढ-उताराचाही नियम आहे. सुरुवातीपेक्षा शेवट फार खाली नको, किलोमीटरमागे एक मीटर उतार एवढीच सूट. उतारावर धावून केलेल्या विक्रमाला काय अर्थ? गेल्या वाटेनेच परत आले की हा प्रश्न मिटतो. जेवढे चढलो तेवढेच उतरलो.

याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर. पाऊस रुसलेल्या मुलखातल्या शेतकऱ्याची ही लेक. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. पुढे स्टीपलचेसमध्ये २०१५ साली आशियाई विजेती झाली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठून दहावी आली. तिथे प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा त्या वेळचा राष्ट्रीय विक्रम केला. हे शंभरावे भाग कुठल्या बळावर मोजले जातात? मैदान खरे आहे, या विश्वासावर. गावची वेळ आणि जगाची वेळ एका मापात बसली, तरच मोहीच्या मुलीला कळते की आपण कुठे उभे आहोत.

आपल्या पोरांसाठी

कोणी म्हणेल, आमची पोरे ऑलिंपिकला कुठे निघालीत? कबूल. पण पोलीस भरतीला तर निघाली आहेत! सातारा-सांगलीत पहाटे पाचला कोणत्याही रस्त्यावर जा, मुले-मुली धावताना दिसतील. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावे लागते आणि मैदानी परीक्षेच्या ५० पैकी २० गुण या एका धावण्याला आहेत. पोरे सराव करतात तो कुठे? ‘ह्या दगडापासून त्या पुलापर्यंत सोळाशे’ अशा ऐकीव मापावर.

समजा, ते अंतर खरे १५०० मीटर आहे. मुलगा पाच मिनिटांत धावतो आणि खूश होतो. त्याच गतीने १६०० मीटरला पाच मिनिटे वीस सेकंद लागतात. भरतीच्या मैदानावर हे वीस सेकंद अंगावर येतात, गुण जातात आणि घरी येऊन पोरगा म्हणतो, नशीबच खोटे. नशीब नव्हे बाबा, रस्ता खोटा! मैदानावर सराव करणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे. ४०० मीटरचा ट्रॅक पहिल्या पट्ट्यातून ४०० मीटर असतो. दुसऱ्या पट्ट्यातून धावले की फेरीमागे सात मीटर जास्त, चार फेऱ्यांना २८ मीटर.

यावरचा उपाय आपल्याच हातात आहे. १६०० मीटर म्हणजे ५० मीटरच्या टेपच्या ३२ टेपा. चार माणसे, एक टेप, खडू, वही आणि एक पहाट. मोजून झाले की उलट्या बाजूने पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे जुळतात का पाहा. डांबरात खिळे ठोका, त्यावर रंग लावा, खांबापासूनचे अंतर वहीत लिहून ठेवा. वाहनांचा रस्ता असेल तर दोघांनी लाल फडकी घेऊन पुढे-मागे उभे राहावे. मोजणीपेक्षा जीव मोलाचा.

हे शिकवणारे लोकही आपल्याच वस्तीत आहेत. गवंड्याला टेप ताणणे माहीत आहे, सायकलवाल्याला हवा माहीत आहे, दहावीच्या पोरीला त्रैराशिक येते. विहारात एका रविवारी दोन तास बसले तरी पहिला धडा होतो. त्यातली दोन-चार मुले पुढे श्रेणीची परीक्षा देणारी निघाली, तर मोठ्या शर्यतींचे रस्तेही तीच मोजतील. नाही निघाली, तरी वस्तीचा रस्ता तर खरा होईल.

आमच्या गावी पुढच्या वर्षीची दौड टेपने मोजलेल्या रस्त्यावर झाली. वळशाच्या जागी खिळा ठोकलेला होता आणि पिंप त्यावरून हलू नये म्हणून एक मुलगा राखणीला बसवला होता. त्याला ऊन लागले. आम्ही त्याला छत्री दिली.

ती मुलगी त्या वर्षीही धावली. वेळ पडली ४० मिनिटे ५२ सेकंद. आदल्या वर्षीच्या कागदावरची वेळ याहून चांगली होती. तो कागद तिने आमच्या हातात परत दिला आणि नवा मागितला. आम्ही तो लिहून दिला. खाली शिक्का मारला आणि त्याच्या शेजारी रस्त्याचे अंतर लिहिले, दहा किलोमीटर, टेपने मोजलेले. तिच्या बापाने कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, “आता ह्यो कुठंबी दाखवता येतोय.”